वरातीतल्या ट्रंपेटची कुळकथा

लग्नसराई आली की जबलपूरच्या सदर बाजारात किंवा गोलबाजारात संध्याकाळपासूनच रस्ते अडू लागतात. घोड्यावर नवरदेव, पुढे दिव्यांची रांग आणि त्याच्याही पुढे झगझगीत गणवेशातला बँड. एखाद्या जुन्या हिंदी गाण्याची चाल ट्रंपेटवर सुरू होते आणि एरवी गंभीर असणारे मामाही रुमाल फिरवत नाचू लागतात.

ही वाद्ये जबलपूरला नवी नाहीत. गाव छावणीचे. इंग्रज पलटणींबरोबर ट्रंपेट आणि क्लॅरिनेट आले आणि पुढे अशी वाद्ये लग्नाच्या बँडमध्ये रुळली. पण पलटणीचे संगीत कवायतीचे, एक-दोन, एक-दोन असे पाऊल टाकणारे. पायांना थिरकायला लावणारी लचक मात्र चित्रपटगीतांतून आली, आणि चित्रपटगीतांना ती देणाऱ्यांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाटा होता.

ताजमधले पाहुणे

१९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला जाझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही मुंबई गाजवली. वेदरफोर्ड काही साधासुधा वादक नव्हता. १९२६ मध्ये शिकागोत त्याने लुई आर्मस्ट्राँगबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. त्या काळी अमेरिकेत ज्या हॉटेलात असे कलावंत वाजवत, तिथे राहायला खोली मागायची मात्र त्यांना बहुतेक ठिकाणी सोय नव्हती. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला.

या मंडळींचे जाझ म्हणजे नेमके काय? तालाच्या ठरलेल्या मात्रेवर जोर न देता दोन मात्रांमधल्या जागेवर द्यायचा, ही त्यातली एक युक्ती. दुसरी गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. मूळ चाल धरून वादकाने त्या क्षणी सुचेल तशी ती फुलवायची, जसा आपला गवई बंदिशीतून उपज करतो.

हळदोण्याचा चिक

हे सारे जवळून शिकले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. गावात पोट भरण्याची साधने कमी, म्हणून ही मुले मुंबईला येत आणि धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामाईक खोल्यांत राहत. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड अमेरिकन वादकांच्या बँडमध्ये बसून ट्रंपेट वाजवू लागला. हळदोण्याच्या आंतोनियो शाविएर वाझने तर आर्मस्ट्राँगचे वादन इतके आत्मसात केले, की ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, संस्थानिकांचे वैभव ओसरले आणि १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. नाचाच्या रात्री रोडावल्या. मग अनेक वादकांनी चित्रपट स्टुडिओची वाट धरली.

पुणतांब्याची चाल, गोव्याचा साज

तिथे त्यांची गाठ पडली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्रांशी. नवे सूर आपलेसे करण्याची त्यांना विलक्षण हौस होती. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. १९५१ मध्ये भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यातल्या ‘शोला जो भडके’ या गाण्यात भगवानदादा आणि गीता बालीबरोबर चिकचा बँडही पडद्यावर दिसतो.

कामाची पद्धत साधारण अशी असे. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. गोव्याचा संयोजक ती स्वरलिपीत उतरवी, दोन कडव्यांमधले तुकडे रचायला मदत करी, कोणते वाद्य कुठे वाजेल ते ठरवी आणि प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद ठेवी. सेबास्टियन डिसोझांनी हे काम ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी केले.

पण गाणे गाजले, की नाव होई ते गायकाचे, संगीतकाराचे आणि पडद्यावरच्या नायकाचे. वादक आणि संयोजकांपैकी बहुतेकांची नावे ना पडद्यावर झळकली, ना रेकॉर्डच्या वेष्टनावर. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण बोलके आहे. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले, पण लोकांना ते एक गमतीचे नावच वाटले. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ती मानवंदना होती, हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोन्साल्विस २०१२ मध्ये निवर्तले.

चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला. त्याचे नाव वरातीतल्या कित्येकांनी ऐकलेलेही नसेल. तरी त्या काळातले एखादे गाणे बँडवर सुरू झाले, की पाऊल आपोआप उचलले जाते. पुढच्या वेळी वरात दारावरून जाईल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगावे, की या सुरांमागे शिकागो आहे, हळदोणे आहे आणि आपले पुणतांबेही आहे.