तान्ह्या मुलाची मिटलेली मूठ

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालून खाली ठेवताना त्याचे डोके जरासे मागे कलले, की ते दोन्ही हात झटकन बाहेर फेकते, बोटे फाकवते आणि मग मिठी मारावी तसे हात आत घेऊन रडू लागते. 'दचकलं गं बाई,' असे म्हणून आजी त्याला दुपट्यात गुंडाळते. या दचकण्याचे शास्त्रीय वर्णन एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली केले, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला मोरोचे नाव मिळाले. दुपट्याचा उपाय मात्र आजीचाच, आणि तो खोटा नाही. हात आवळलेले असले की बाळ दचकून जागे होत नाही.

मानसशास्त्राच्या तासाला प्रतिक्षिप्त क्रियांचा विषय निघतो तो बहुधा पाव्हलॉव्हच्या कुत्र्यापाशीच थांबतो. पण माणूस जन्माला येतो तोच अशा क्रियांचे गाठोडे घेऊन. गालाला बोट लागले की बाळ तिकडे तोंड वळवते. तळहातात बोट ठेवले की मूठ आवळते. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा कोपरात दुमडतो, जणू तलवारबाजाचा पवित्रा! मेंदूच्या वरच्या भागांची पुरेशी वाढ झालेली नसते, तोवर मेंदूचा खालचा भाग व मज्जारज्जू हा कारभार पाहतात. साधारणपणे चार ते सहा महिन्यांत यांतील बहुतेक क्रिया मागे पडतात. मग बाळ हवी ती वस्तू उचलते आणि नको ती टाकते. मूठ सुटल्याशिवाय खुळखुळा हातातून हातात जाणार कसा?

या क्रिया नाहीशा मात्र होत नाहीत. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, किंवा वार्धक्यात स्मृतिभ्रंश वाढला, तर म्हाताऱ्या माणसाच्या तळहातातही तीच पकड परत दिसू शकते. म्हणजे त्या पुसल्या जात नाहीत, दाबून ठेवलेल्या असतात. इंग्रजीत यालाच 'इंटिग्रेशन' म्हणतात. आपण 'सामावून जाणे' म्हणू.

मी या विषयाकडे वळलो तो पुस्तकामुळे नव्हे. माझ्या आतेभावाचा मुलगा वर्षाचा झाला तरी त्याच्या मुठी मिटलेल्याच होत्या. मान डावीकडे वळली की डावा हात काठीसारखा ताठ होई. घरात सगळे म्हणत, 'त्याचा बापही उशिराच चालला होता.' शंका आली ती अंगणवाडीच्या ताईंना. पुढे डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सीचे निदान केले. त्याच सुमारास कोणीतरी शहरातल्या एका उपचारकाचा पत्ता दिला. त्याने सांगितले, 'प्रतिक्षिप्त क्रिया सामावल्या की मूल आपोआप चालेल.' फी ऐकून आतेभाऊ कांद्याच्या पट्टीचा हिशेब करू लागला.

या उपचाराची कल्पना तशी सोपी आहे. बाळपणी जी हालचाल पुरी झाली नाही ती मोठेपणी सावकाश, पुन्हापुन्हा करून घ्यायची. उताणे पडून हातपाय पसरायचे व अंग गोळा करायचे, पालीसारखे सरपटायचे, मांजरासारखे हातागुडघ्यांवर झुलायचे. रोज थोडा वेळ, पण महिनोन्‌महिने. यामागे नुसती कल्पनाच आहे असे नाही. बेलफास्टच्या संशोधकांनी वाचनात मागे पडलेल्या ६० मुलांचे तीन गट करून वर्षभर प्रयोग केला आणि २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. ज्या गटाने या विशिष्ट हालचाली केल्या, त्याच्यातील तलवारबाजी पवित्र्याचा अंश कमी झाला आणि वाचनही इतरांहून अधिक सुधारले.

पण ती मुले शाळेत जाणारी, चालणारी-धावणारी होती. सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नता असलेल्या मुलांना हाच निष्कर्ष लावणे म्हणजे खोकल्याचे औषध मोडलेल्या हाडाला देणे. शिवाय सरपटण्याच्या हालचाली करवून मेंदू 'नव्याने घडवण्याची' अशीच एक पद्धत अमेरिकेत गाजली होती. तिच्या दाव्यांना आधार नाही असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६८, १९८२ आणि १९९९ अशा तीन वेळा जाहीर केले. माझे मत असे, की हे व्यायाम खेळ म्हणून घ्यावेत, त्यासाठी शेत गहाण टाकू नये. राहिलेली प्रतिक्षिप्त क्रिया ही मुख्यतः खूण आहे. ती पाहून मेंदूची तपासणी लवकर करावी, एवढे तिचे मोल मोठे आहे.

आणि ही तपासणी गावातच होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात आणि गरज दिसल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, ती त्यांच्या मुलीला, मालिनीला, योग्य शाळा मिळेना म्हणून. मालिनी चिब यांनी पुढे लंडनला उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

आतेभावाने अखेर तो पत्ता फाडून टाकला. आठवड्यातून एकदा आळेफाट्याहून एसटीने पुण्याला जायचे, तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवलेले घरी करायचे, असे ठरले. बाईंचा आग्रह एकच : मुलाला जे जमायला हवे तेच त्याच्याकडून करवून घ्या. पेला धरायचा असेल तर पेलाच हातात द्या. सरपटण्याचा खेळही चालतो, कारण त्याला तो आवडतो आणि आजीलाही त्यात हसू येते. आता तो चार वर्षांचा आहे. चालत नाही. पण भिंतीला टेकून बसतो, आणि उजव्या हाताची मूठ उघडून भाकरीचा तुकडा धरतो. डाव्या हाताचे काम अजून चालू आहे.