बोजोले: नोव्हेंबरच्या जल्लोषापलीकडची वाइन

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार उजाडला की फ्रान्समधल्या कॅफेंच्या काचांवर ‘बोजोले नूव्हो आली’ अशा पाट्या झळकतात. सप्टेंबरच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांची ही वाइन अवघ्या काही आठवड्यांत पेल्यात उतरते. जाहिरातबाजी एवढी जोरदार, की बोजोले म्हणजे फक्त हीच, असा समज जगभर घट्ट बसला. मूळ घोटाळा इथेच आहे.

लियों शहराच्या उत्तरेला पसरलेल्या या प्रदेशात दहा गावांना आणि परिसरांना ‘क्रू’ हा वरचा दर्जा आहे. मॉर्गों, फ्लरी, मूलां-आ-व्हां, ब्रुयी ही त्यांतली काही नावं. त्यांच्या बाटल्यांवर बहुधा फक्त क्रूचंच नाव ठसठशीत असतं, ‘बोजोले’ हा शब्द शोधावा लागतो. त्यामुळे ‘बोजोले नको, मॉर्गों द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईकही भेटू शकतं! क्रू नावाने नूव्हो विकताच येत नाही. आणि ‘बोजोले साठवून ठेवण्यासारखी नसते’ हे मुख्यतः नूव्होबाबत खरं. चांगल्या वर्षाची मूलां-आ-व्हां दहा वर्षंही सहज टिकते.

दुसरा समज बोजोले ज्या द्राक्षाची बनते त्याबद्दलचा: गामे हा हलका वाण. या बदनामीला सहाशे वर्षांचा इतिहास आहे. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामेच्या वेली उपटून टाकण्याचं फर्मान काढलं. वेल भरपूर पिकायची, वाइन मात्र त्याला पसंत नव्हती; त्याचा जीव पिनो न्वार या वाणावर. पण बर्गंडीच्या चुनखडीत न रुळलेला हा वाण दक्षिणेकडच्या बोजोलेतल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर रमला. दोष वाणाइतकाच जमिनीचाही होता, असं म्हणायला हरकत नाही.

मग या वाइनला केळ्याचा किंवा च्युइंगगमचा वास येतो तो? तो गामेचा स्वभाव नव्हे, बनवण्याच्या पद्धतीचा आणि निवडलेल्या यीस्टचा परिणाम. इथे द्राक्षं न चुरडता अख्खे घड बंद टाकीत भरतात. वजनाने तळातली द्राक्षं फुटतात, रस आंबू लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. वरच्या शाबूत द्राक्षांत मग सालीच्या आतच आंबण्याची सुरुवात होते. फळाचा वास खुलतो, तुरटपणा मात्र फारसा उतरत नाही. घड अख्खे हवेत म्हणून तोडणीही बहुतेक हातानेच होते.

हा कमी तुरटपणाच जेवणाच्या टेबलावर कामाला येतो.

‘रेड वाइन म्हणजे लाल मांस’ हा नियम लियोंमध्ये टिकत नाही. तिथल्या ‘बूशों’ म्हणवणाऱ्या साध्या खानावळींत जाड बुडाच्या, ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून बोजोले येते आणि सोबत येतात वाळवलेल्या सॉसेजच्या चकत्या, कोंबडीचं कालवण, लसूण-चाइव्ह घातलेलं ताजं मऊ चीज. जास्त तुरट वाइन माशाबरोबर धातूसारखी लागू शकते. थोडी गार केलेली हलकी गामे मात्र भाजलेल्या माशाबरोबर निभावून नेते. तुरटपणाने तिखटाची आग वाढते; हिच्यात तो कमी, म्हणून मसालेदार जेवणाशीही तिचं बऱ्यापैकी जमतं. मॉर्गोंसारखी भारदस्त क्रू मात्र रोस्ट किंवा मशरूमच्या पदार्थासाठी राखावी.

राहिला ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला. तो जुन्या युरोपातल्या गारठलेल्या घरांचा. मे महिन्यात पुण्या-नागपुरातल्या खोलीत तो पाळला तर वाइन कोमटच होईल. बोजोलेला १२ ते १४ अंश सेल्सिअस मानवतं. बाटली उघडण्याआधी फ्रिजमध्ये पुरेशी गार करून घ्या.