थरथरणारा हात : समज, कारणे आणि उपचार

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या तळोदा तालुक्यात काय किंवा राज्यातील अन्य ग्रामीण भागात काय, एखाद्याचा हात थरथरू लागला की भोवतालचे लोक बहुधा दोनच तर्क करतात. माणूस दारूच्या आहारी गेला असावा, नाही तर त्याला म्हातारपण आले असावे. क्वचित बाहेरच्या बाधेचाही संशय घेतला जातो. परिणामी, ज्याचा हात थरथरतो तो संकोचाने हात लपवितो, चारचौघांत चहा घेणे टाळतो, सहीची वेळ आली की मागे सरतो आणि दवाखान्याची पायरी उशिरा चढतो. वास्तविक कंप हा रोग नसून लक्षण आहे. त्यामागील कारणे अनेक असून त्यांतील बहुतेकांवर उपाय आहेत.

मुळात निरोगी माणसाचा हातही अगदी स्थिर नसतो. ताणून धरलेली बोटे सेकंदाला सुमारे ८ ते १२ वेळा सूक्ष्मपणे हलत असतात. ती हालचाल डोळ्यांना सहसा दिसत नाही. भीती, राग, जागरण, ताप, अतिश्रम किंवा चहाचा अतिरेक यांमुळे ती वाढते आणि कारण दूर होताच ओसरते. अशा कंपाची चिंता करण्याचे कारण नाही.

कंप केव्हा होतो, हे महत्त्वाचे

निदानाची पहिली किल्ली म्हणजे हात नेमका केव्हा थरथरतो, याचे निरीक्षण. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना कंप होतो, की पेला उचलताना व लिहिताना होतो, की वस्तूच्या जवळ हात नेताना तो वाढत जातो, हे घरातील माणसासही पाहता येते. अखेरचा प्रकार लहान मेंदूच्या विकाराकडे निर्देश करतो.

काम करताना होणाऱ्या कंपाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे डॉक्टर ज्यास 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात तो विकार होय. तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. वडिलांचा किंवा आजीचा हातही थरथरत असे, अशी माहिती मिळते. तो प्रायः दोन्ही हातांत असतो, सावकाश वाढतो आणि जिवास अपाय करीत नाही. रोजच्या कामात अडथळा येऊ लागल्यास औषधे देता येतात. मात्र त्यासाठी वापरले जाणारे 'प्रोप्रॅनोलॉल' हे औषध दमेकऱ्यांना घातक ठरू शकते. म्हणून ते परस्पर घेऊ नये.

स्वस्थ असलेल्या हाताचा कंप मात्र कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, असू शकतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी कमी होत गेल्याने हा विकार होतो. कंप बहुधा एका हातापासून सुरू होतो. हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. 'लेव्होडोपा' हे त्यावरील प्रमुख औषध. खाजकुहिलीच्या बियांतही हे द्रव्य असते. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यांतून वेगळे केले होते. तथापि बियांतील त्याचे प्रमाण अनिश्चित असल्याने त्या मनाने खाणे धोक्याचे आहे.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे कार्य वाढल्यास बारीक कंपासोबत छातीत धडधड, घाम आणि वजनातील घट आढळते. साध्या रक्ततपासणीने निदान होते. दम्याची, फिट्सची व मनोविकारांवरील काही औषधेही कंप निर्माण करतात. अशा वेळी औषध स्वतः बंद न करता ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. शाळकरी किंवा तरुण वयात कंप सुरू झाल्यास शरीरात तांबे साचविणाऱ्या 'विल्सन' विकाराची तपासणी आवश्यक ठरते, कारण वेळीच उपचार झाल्यास यकृताची व मेंदूची हानी टळते.

विलंब नको अशी कारणे

तीन प्रसंगी तातडी हवी. पहिला प्रसंग दारू एकाएकी सोडण्याचा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक थांबविली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात. पुढे एक-दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात, आणि त्यानंतर भ्रम होऊन जीवही धोक्यात येतो. गावात दारूबंदीचा ठराव होतो, तेव्हा अशा व्यक्तींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडविण्याची व्यवस्थाही त्यासोबत व्हावी.

दुसरा प्रसंग फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कापूस, ऊस, केळी पिकविणाऱ्या तळोदा परिसरासही हा धडा लागू आहे. फवारणीनंतर स्नायू फडफडणे, लाळ व घाम सुटणे, उलट्या, श्वासास त्रास अशी लक्षणे दिसताच भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील माहितीसह रुग्णास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे.

तिसरा प्रसंग मधुमेहींचा. कंप, घाम व घाबरणे ही रक्तातील साखर उतरल्याची खूण असते. रुग्ण शुद्धीवर असल्यास साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्धास तोंडाने काहीही देऊ नये.

गावपातळीवर काय करता येईल

मुलाचे अक्षर अचानक बिघडल्यास शिक्षकांनी त्यास शिक्षा करण्यापूर्वी पालकांशी बोलावे. पंचायत सदस्य व आशा कार्यकर्तींनी कंप असलेल्या ग्रामस्थास प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून आवश्यकतेनुसार तळोद्याच्या शासकीय रुग्णालयात अथवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

कार्यालयांची जबाबदारीही मोठी आहे. कंप असलेल्या निवृत्तिवेतनधारकाची सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारपणामुळे सही करू न शकणाऱ्या खातेदाराचा अंगठा, बँकेच्या परिचयाच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटविल्यास, स्वीकारता येतो. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील यादीतही पार्किन्सन आजाराचा समावेश आहे. या तरतुदी गरजूंना समजावून सांगितल्यास थरथरणाऱ्या हाताच्या माणसाचे पैसे व काम अडून राहणार नाही. त्याच्याविषयी तर्क करण्याऐवजी त्याला तपासणीपर्यंत पोहोचविणे, हेच गावाचे खरे साहाय्य होय.