स्वतःची चिप, स्वतःचे वेळापत्रक

१० नोव्हेंबर २०२० रोजी ॲपल कंपनीने जे तीन संगणक सादर केले, त्यांतील ‘मॅकबुक एअर’ या लॅपटॉपमध्ये पंखा नव्हता. बाहेरून पाहता तो आधीच्या मॉडेलचा जुळा भाऊच वाटावा. बॅटरीही तेवढ्याच क्षमतेची. तरीही कंपनीच्या दाव्यानुसार एका चार्जिंगमध्ये चित्रपट पाहता येण्याचा अवधी १२ तासांवरून १८ तासांवर गेला होता. बदल होता तो आतल्या चिपमध्ये. २००६ पासून ॲपलच्या संगणकांत असलेला इंटेल कंपनीचा प्रोसेसर काढून त्याच्या जागी ॲपलने स्वतः आखलेली ‘एम१’ ही चिप बसविण्यात आली होती. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी त्याच वर्षी २२ जूनला या स्थित्यंतराची घोषणा केली होती.

वेगाचे आकडे त्या वेळी पुष्कळ छापून आले. परंतु ॲपलला इंटेलची साथ सोडावीशी का वाटली, हे केवळ त्या आकड्यांवरून उलगडत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मॅकिंटॉश संगणकाने प्रोसेसर बदलण्याची ही तिसरी वेळ. १९८४ मधील पहिल्या मॅकमध्ये मोटोरोलाची चिप होती. १९९४ मध्ये ॲपल ‘पॉवरपीसी’कडे वळली. ही चिप आयबीएम, मोटोरोला आणि ॲपल यांच्या भागीदारीतून घडलेली. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ‘जी५’ ही तिची नवी आवृत्ती सादर केली आणि वर्षभरात तिचा वेग ३ गिगाहर्ट्झवर नेण्याचा शब्द दिला. तो शब्द पाळला गेला नाही. शिवाय जी५ इतकी तापत असे की ती लॅपटॉपमध्ये कधीच बसू शकली नाही. अखेर जून २००५ मध्ये जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले. कारण सांगितले ते असे : एक वॅट वीज खर्चून किती काम होते, याचा हिशेब.

पंधरा वर्षांनी त्याच हिशेबात इंटेल नापास झाली. चिपवरील ट्रान्झिस्टर जितके सूक्ष्म, तितकी वीज कमी लागते. इंटेलने २०१४ मध्ये १४ नॅनोमीटर तंत्राच्या चिप बाजारात आणल्या. १० नॅनोमीटरची पुढची पायरी २०१६ च्या सुमारास चढायची होती. मोठ्या प्रमाणावर ती चढायला २०१९ उजाडले. त्याचा फटका ॲपलच्या ग्राहकांना बसत होता. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये १६ गिगाबाइटपेक्षा जास्त मेमरी घेता येत नव्हती, कारण कमी वीज खाणारी नव्या पिढीची मेमरी इंटेलच्या तेव्हाच्या चिपला चालत नसे. २०१८ मध्ये तर सर्वांत महागडा मॅकबुक प्रो तापून आपला वेग स्वतःच कमी करू लागला आणि ॲपलला घाईने सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले. लॅपटॉप कधी आणि कसा काढायचा, हे ॲपलचे वेळापत्रक दुसऱ्याच्या कारखान्यात ठरत होते. सलग दुसऱ्यांदा.

दुसरीकडे आयफोनमधील चिप दरवर्षी नेमाने सुधारत होती आणि ती ॲपलची स्वतःची होती. यातही एक गंमत आहे. पहिल्या आयफोनसाठी चिप पुरविण्याची संधी इंटेलकडे चालून आली होती आणि इंटेलने ती नाकारली, याची कबुली कंपनीचे माजी प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये दिली. ॲपलने २००८ मध्ये ‘पी. ए. सेमी’ ही चिप आखणारी छोटी कंपनी २७ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. २०१० मध्ये आयपॅडमध्ये ‘ए४’ आली. एम१ ही त्याच घराण्यातली.

या घराण्याची भाषा मात्र इंटेलहून वेगळी. प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक ठरलेला संच असतो. इंटेलच्या संचात आज्ञेची लांबी एका बाइटपासून १५ बाइटपर्यंत काहीही असू शकते. मोडी लिपीतील जुन्या कागदात शब्द जोडून लिहिलेले असतात आणि एक शब्द कुठे संपला हे वाचल्याशिवाय कळत नाही, तशातलाच हा प्रकार. ॲपल वापरते त्या ‘आर्म’ या ब्रिटिश कंपनीच्या ६४ बिटांच्या संचात प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटची. त्यामुळे एकाच वेळी अनेक आज्ञा उचलून उलगडणे सोपे जाते.

दुसरी युक्ती कामाच्या वाटणीची. एम१ मध्ये आठ गाभे आहेत : चार दमदार, चार काटकसरी. पत्र लिहिणे, मेल तपासणे अशी किरकोळ कामे काटकसरी गाभ्यांकडे जातात. कपभर चहासाठी पंगतीची चूल पेटवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोबाइलमध्ये ही रीत आधीपासून होती. तिसरी गोष्ट मेमरीची. एरवी प्रोसेसर आणि चित्रे रंगविणारा भाग यांचे मेमरीचे हिस्से वेगळे असतात आणि माहिती इकडून तिकडे नकलावी लागते. एम१ मध्ये दोघे एकाच मेमरीतून काम करतात आणि ती चिपला अगदी खेटून बसविलेली असते.

मग इंटेलच्या भाषेत लिहिलेल्या जुन्या सॉफ्टवेअरचे काय? त्यासाठी ‘रोझेटा २’ हा दुभाषा दिला गेला. हा दुभाषा अपेक्षेपेक्षा चपळ निघाला, त्यामागे एक बारकावा आहे. मेमरीत नोंदी कोणत्या क्रमाने दिसाव्यात, याची इंटेलची शिस्त कडक आहे; आर्मची सैल. सैल शिस्तीवर कडक शिस्तीचा आव आणायचा तर प्रत्येक पावलाला वेळ मोडतो. ॲपलने इंटेलची शिस्त पाळण्याची सोय थेट चिपमध्येच घातली. बाजारातून तयार चिप घेणाऱ्या कंपनीला हे साधले नसते.

या साऱ्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. इंटेलच्या मॅकवर २००६ पासून ‘बूट कॅम्प’द्वारे विंडोज थेट चालविता येई, ती सोय गेली. आपल्याकडे लॅपटॉप घेताना ‘रॅम नंतर वाढवून घेऊ’ असे म्हणण्याची रीत आहे. ॲपलने मेमरी पक्की डकवायला आधीच सुरुवात केली होती. आता ती चिपच्या आवरणातच गेल्याने विषयच संपला. ९२,९०० रुपयांच्या पहिल्या एम१ एअरमध्ये ८ गिगाबाइट मेमरी होती आणि ॲपलने हा किमान आकडा १६ वर नेला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. व्यावसायिकांच्या ‘मॅक प्रो’ची कथा तर आणखी बोलकी. इंटेलच्या २०१९ मधील मॅक प्रोमध्ये दीड टेराबाइटपर्यंत मेमरी घालता येत होती. जून २०२३ मध्ये त्याची जागा ॲपलच्या चिपवरील मॅक प्रोने घेतली आणि स्थित्यंतर पूर्ण झाले. त्याची कमाल मर्यादा १९२ गिगाबाइट, तीही खरेदीच्या वेळीच ठरवायची.

‘स्वतःची चिप’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा असा. आज्ञासंच आर्मकडून परवान्यावर घेतलेला. एम१ वरील १६०० कोटी ट्रान्झिस्टर घडविले ते तैवानच्या टीएसएमसी कंपनीने, आपल्या ५ नॅनोमीटर तंत्राने. ॲपलचा स्वतःचा चिपचा कारखाना नाही. इंटेलवरचे अवलंबित्व संपले, तैवानवरचे वाढले. आराखडा आपला असल्याने काय केव्हा घडवायचे, एवढे मात्र ॲपलच्या हाती आले.

वाटेत सापडला तो मधल्या काळातला ग्राहक. मार्च २०२० मध्ये ॲपलने इंटेलच्या चिपवरील नवा मॅकबुक एअर विक्रीस आणला होता. आठ महिन्यांत एम१ आली. २०२५ मधील ‘टाहो’ या मॅक प्रणालीने त्या इंटेल एअरला वगळले. इंटेलचे इतर काही मोजके मॅक टाहोवर चालतात, पण त्यांच्यासाठी ही शेवटचीच आवृत्ती असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले. रोझेटा हा दुभाषाही त्यापुढच्या एकाच आवृत्तीपर्यंत पूर्णपणे उपलब्ध राहील. नंतर तो काही जुन्या खेळांपुरता उरेल.