सर्व्हरचे दार का उघडत नाही?

ठोकळ्यांनी घरे, किल्ले, शेते आणि यंत्रे उभारण्याचा ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ अनेक विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी तो २००९ मध्ये लोकांपुढे ठेवला. २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो तयार करणारी कंपनी २५० कोटी डॉलरला विकत घेतली. हा खेळ एकट्याने खेळता येतो, तसाच चार मित्रांनी मिळूनही खेळता येतो. त्यासाठी एकाच्या संगणकावर ‘सर्व्हर’ नावाची आज्ञावली चालू ठेवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या घरून तिला जोडून घ्यायचे. झाला आपला खासगी सर्व्हर!

प्रत्यक्षात मात्र पहिल्या दिवशी बहुधा जोडणी होत नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि खेळ थांबतो. मग मुले संगणक बंद करून पुन्हा चालू करतात, दिसेल ती बटणे दाबतात, शेवटी सुरक्षेची सगळी कुलपे काढून टाकतात. त्या एका ओळीकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. वास्तविक ती ओळ म्हणजे निरोप कुठवर पोचला याचा अहवाल असतो. तो वाचता आला, तर दुरुस्ती सोपी होते. शिवाय इंटरनेट कसे चालते याचा एक चांगला धडाही त्यातून मिळतो. या लेखात आपण संगणकावरील ‘जावा’ आवृत्ती गृहीत धरू.

दारापर्यंतचे सहा टप्पे

खेळाडू सर्व्हरचे नाव टाइप करतो, तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने घडतात.

१. नावावरून अंकी पत्ता शोधला जातो. हे काम ‘डीएनएस’ ही १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी योजलेली व्यवस्था करते. (थेट अंकी पत्ता दिला असेल, तर हा टप्पा गळतो.)

२. त्या पत्त्यावरील संगणकाच्या ठरावीक ‘पोर्ट’कडे निरोप जातो. एका संगणकावर अनेक आज्ञावल्या एकाच वेळी चालू असतात. आलेला निरोप कोणासाठी आहे, हे पोर्टच्या क्रमांकावरून कळते. हे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. माइनक्राफ्टचा नेहमीचा क्रमांक आहे २५५६५.

३. दोन्ही संगणकांत तीन निरोपांची देवाणघेवाण होते: “बोलू का?”, “बोल, मीही बोलू का?”, “हो, बोल.” याला ‘टीसीपी’ची त्रिपदी जोडणी म्हणता येईल.

४. खेळाडूची आणि सर्व्हरची आवृत्ती जुळते का, हे पाहिले जाते.

५. खेळाडू खरोखर तोच आहे का, याची शहानिशा कंपनीच्या संगणकाकडे विचारून केली जाते.

६. खेळाडूचे नाव परवानगीच्या यादीत आहे का, हे तपासले जाते.

हे टप्पे ओळीने येतात, हे महत्त्वाचे. सहाव्या टप्प्यावर अडथळा आला, तर आधीचे पाचही टप्पे सुरळीत पार पडले असे खात्रीने म्हणता येते. म्हणजे अडथळ्याचे ठिकाण कळले की तपासाचे क्षेत्र एकदम लहान होते.

ओळी काय सांगतात

‘अननोन होस्ट’ अशी ओळ आली, तर पहिलाच टप्पा चुकला. नावाचे स्पेलिंग चुकले असेल, शेवटी एखादी मोकळी जागा राहिली असेल किंवा घरचे इंटरनेटच बंद असेल. सर्व्हरच्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. निरोप त्याच्याकडे निघालेलाच नाही.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ या दोन ओळी मुलांना सारख्याच वाटतात. त्यांच्यात मात्र मोठा फरक आहे. पहिल्या ओळीत नकार आला आहे. नकार यायला कोणीतरी निरोप ऐकलेला असावा लागतो. म्हणजे त्या पत्त्यावर संगणक किंवा राउटर आहे, वाट मोकळी आहे. फक्त त्या पोर्टवर ऐकणारी आज्ञावली नाही. सर्व्हर सुरू करायचा राहिला असेल किंवा पोर्टचा आकडा चुकला असेल. (एखादी फायरवॉलही असा स्पष्ट नकार देऊ शकते, पण ते कमी वेळा घडते.)

दुसऱ्या ओळीत काहीच उत्तर आलेले नाही. संगणक बंद आहे, पत्ता भलत्याचाच आहे, किंवा वाटेतल्या फायरवॉलने निरोप गुपचूप टाकून दिला आहे. दारावर थाप मारल्यावर आतून “नाही” असे ऐकू येणे वेगळे आणि शुकशुकाट असणे वेगळे. शोध घेणाऱ्याला पहिले उत्तर अधिक उपयोगी, कारण त्यातून निदान घर सापडल्याचे कळते.

‘आउटडेटेड क्लायंट’ किंवा ‘आउटडेटेड सर्व्हर’ म्हणजे चौथा टप्पा. दोघांच्या आवृत्त्या निरनिराळ्या आहेत. खेळाच्या प्रत्येक आवृत्तीच्या बोलीला एक क्रमांक असतो; उदाहरणार्थ, १.८ या आवृत्तीचा क्रमांक ४७ आहे. क्रमांक जुळले नाहीत तर सर्व्हर पुढे बोलत नाही. उपाय सोपा: खेळाडूने सर्व्हरचीच आवृत्ती निवडावी.

‘इनव्हॅलिड सेशन’ म्हणजे पाचवा टप्पा. ओळखीचा परवाना शिळा झाला आहे. खेळ आणि लाँचर दोन्ही बंद करून पुन्हा आत यावे. ‘यू आर नॉट व्हाइटलिस्टेड ऑन धिस सर्व्हर’ म्हणजे सहावा टप्पा. इथे बिघाड काहीच नाही, मालकाने फक्त नाव यादीत घालायचे आहे.

चाळ आणि रखवालदार

शेजारच्या खोलीतला भाऊ सर्व्हरला जोडला जातो, पण दुसऱ्या गावचा मित्र जोडला जात नाही. ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंटरनेटचा जुना अंकी पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी होतात. जगातील संगणक आणि फोन यांना ते पुरत नाहीत. वाटपासाठी शिल्लक राहिलेले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये देऊन झाले. काटकसर म्हणून १९९४ मध्येच काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले होते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात. घराबाहेर त्यांना अर्थ नसतो.

एक चाळ डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या जगाला चाळीचा एकच पत्ता ठाऊक आहे आणि फाटकावर रखवालदार आहे. खोली पाचमधून पत्र बाहेर गेले की तो वहीत नोंद करतो. उत्तर आले की बरोबर खोली पाचला देतो. पण बाहेरून आपणहून एखादे पत्र आले आणि त्यावर खोलीच नसेल, तर ते कोणाला द्यावे हे त्याला कळत नाही. तो ते टाकून देतो. घरातला राउटर हेच करतो. म्हणून घरातून बाहेर जोडणे सहज जमते, बाहेरून आत येणे जमत नाही.

उपाय म्हणजे रखवालदाराला कायमची सूचना देणे: “२५५६५ क्रमांकाचे जे येईल ते १९२.१६८.१.५ या संगणकाला द्या.” याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. काल चालणारी जोडणी आज का बंद पडली, याचे उत्तरही येथेच मिळते. राउटर घरातल्या संगणकांना पत्ते वाटतो आणि ते बदलू शकतात. संगणक १.५ वरून १.७ वर गेला, तर सूचना जुन्याच खोलीकडे बोट दाखवत राहते. म्हणून सर्व्हरच्या संगणकाला राउटरमध्ये पत्ता कायमचा नेमून द्यावा. घराचा बाहेरचा पत्ताही बदलू शकतो, तो मित्रांना पुन्हा कळवावा लागतो.

आणखी एक अडचण मात्र घरात बसून सुटत नाही. कित्येक इंटरनेट कंपन्यांकडे प्रत्येक ग्राहकाला देण्याइतके पत्ते नसतात. मग त्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे आपली चाळ एका मोठ्या वसाहतीच्या आत असते आणि वसाहतीच्या फाटकावरची वही आपल्या हातात नसते. हे ओळखण्याची खूण अशी: राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आपला पत्ता हे वेगळे असतात. राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर शंकाच उरत नाही. हा गट २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा, दोन्ही बाजूंना सोय असल्यास १२८ बिटांचे नवे पत्ते वापरावेत, किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा.

यातला सामाजिक अर्थही लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ कल्पनेत इंटरनेटवरचा प्रत्येक संगणक बोलू शकत होता आणि ऐकूही शकत होता. पत्त्यांच्या टंचाईने बहुतेक घरे केवळ मागणी करणारी झाली. स्वतःच्या घरातून जगाला काही देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही भिंत प्रथम जाणवते ती बहुधा अशा खेळातच.

कुलूप काढणे हा उपाय नव्हे

अडचण सुटेना की “फायरवॉल बंद कर” असा सल्ला मिळतो. त्याने काम होते, पण संगणकाची सर्वच दारे उघडी पडतात. हवे असते एकच दार. म्हणून फक्त त्या आज्ञावलीला किंवा त्या पोर्टला परवानगी द्यावी.

दुसरा सल्ला ‘ऑनलाइन मोड’ बंद करण्याचा असतो. त्याने पाचवा टप्पाच रद्द होतो. मग कोणीही कोणाचेही नाव घेऊन आत येऊ शकतो, अगदी मालकाचेही! शिवाय प्रत्येक खेळाडूचा ओळखक्रमांक बदलतो, कारण आता तो केवळ नावावरून काढला जातो. परवानगीची यादी या क्रमांकावर चालते, त्यामुळे जुनी यादीही निकामी होते.

हा धोका कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग फोर जे’ या आज्ञावलीतला एक गंभीर दोष उघडकीस आला. तिचा वापर माइनक्राफ्टमध्येही होता. गप्पांच्या चौकटीत विशिष्ट अक्षरांची ओळ टाकून सर्व्हरच्या संगणकावर परकी आज्ञावली चालवता येत होती. त्याच महिन्यात आलेल्या १.१८.१ आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला. अनोळखी माणसाला आत न घेणारी यादी आणि अद्ययावत आवृत्ती, दोन्ही का हव्यात हे यावरून ध्यानात येईल.

तपासाची रीत

आधी सर्व्हर ज्या संगणकावर आहे, त्याच संगणकावरून १२७.०.०.१ या पत्त्याने जोडून पाहावे. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. इथेच अडले तर दोष सर्व्हरच्या आज्ञावलीत. जमले तर घरातल्या दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८ च्या पत्त्याने पाहावे. इथे अडले तर बहुधा सर्व्हरच्या संगणकाची फायरवॉल आडवी येते आहे. तेही जमले तर बाहेरच्या मित्राला जोडायला सांगावे. आता अडले तर दोष राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे.

बाहेरची चाचणी खरोखर बाहेरूनच करावी. काही राउटर घरातून घराच्याच बाहेरच्या पत्त्याने केलेली जोडणी परत आत वळवत नाहीत, आणि सर्व काही ठीक असूनही अपयश दिसते. तसेच ‘पिंग’ला उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे समजू नये, पिंगचा निरोप वेगळ्या जातीचा असतो आणि तो पुष्कळदा मुद्दाम अडवलेला असतो.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि जोडणी झाली, तर कशामुळे झाली हे कळत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गाच्या दोन बाजूंना दोन ‘घरे’ करा. प्रत्येक घरात चार मुले आणि दाराशी वही घेतलेला एक ‘राउटर’. घरातल्या मुलांना १ ते ४ हेच क्रमांक द्या, म्हणजे दोन्ही घरांत क्रमांक सारखेच असतील. आता चिठ्ठ्या पाठवायला सांगा. बाहेर गेलेल्या चिठ्ठीचे उत्तर कसे परत येते आणि न मागता आलेली चिठ्ठी कुठे अडते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. मग एका राउटरला कायमची सूचना द्या आणि फरक पाहा. शेवटी दोन्ही घरांसमोर तिसरा राउटर उभा करा, आणि आता काय करावे हे मुलांनाच विचारा.