आयसी की एनसी?

काठमांडूच्या बाजारात एखाद्या शालीची किंमत विचारली आणि दुकानदाराने ‘सोळाशे’ असे सांगितले, तर आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने खिशात हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी करन्सी. नेपाळी माणसे आपसात यांनाच ‘भारू’ आणि ‘नेरू’ म्हणतात. दोन्ही रुपयेच. पण सोळाशे एनसी म्हणजे आपले एक हजार रुपये, आणि सोळाशे आयसी म्हणजे पुरते सोळाशे. न विचारता जो पैसे मोजून देतो त्याचे सहाशे रुपये जातात, आणि दुकानदाराने फसवले असेही त्याला म्हणता येत नाही.

आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना हा प्रश्न काही नवा नाही. निजामाच्या मुलखात ‘हाली की कलदार?’ असे विचारूनच सौदा होत असे. हाली सिक्का हा हैदराबाद संस्थानचा रुपया, कलदार हा इंग्रजी हिंदुस्थानचा. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. बेळगावकरांना तर परमुलूख घाट उतरला की लागे. गोव्यात १९५८ पर्यंत पोर्तुगीजांचा रुपिया चाले, नंतर एका रुपियाला सहा या दराने एस्कुदो आला, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तोही गेला. आता असा अनुभव घ्यायचा तर नेपाळ किंवा भूतान गाठावे लागते. पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला आपल्याकडून पुष्कळ लोक जातात. (पशुपतिनाथाचे मूळ पुजारी परंपरेने कर्नाटकातलेच भट्ट, ही गोष्ट आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना ठाऊक असेलच.) म्हणून तेथील पैशाचा व्यवहार थोडा तपशिलाने पाहू.

नेपाळी रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे. फेब्रुवारी १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर कायम आहे. नेपाळ राष्ट्र बँक घेताना १६० आणि विकताना १६० रुपये १५ पैसे असा भाव लावते. त्यापलीकडे घासाघीस नाही. पूर्वी मात्र दर असा स्थिर नव्हता. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, नेपाळने केले नाही, आणि पाहता पाहता दोन्ही रुपये जवळजवळ एका किमतीचे झाले. नेपाळचा माल भारतात महाग पडू लागला. अखेर १९६७ च्या डिसेंबरात नेपाळलाही अवमूल्यन करून शेकडा १३५ चा दर धरावा लागला. शेजाऱ्याच्या गाड्याला आपला बैल जुंपला की गाडा कुठे वळतो ते आपल्या हाती राहत नाही. नेपाळचा बहुतेक व्यापार भारताशी आणि सरहद्द उघडी, तेव्हा दर रोज हलू लागला तर सीमेवरचा किराणा दुकानदारसुद्धा सट्टेवाला होईल. म्हणून हा बंध टिकवला जातो. आखाती देशांत आणि मलेशियात राबणारे नेपाळी कामगार डॉलर पाठवतात, आणि त्यांतले काही विकून नेपाळ राष्ट्र बँक भारतीय रुपये विकत घेते. आपला रुपया डॉलरपुढे घसरला की नेपाळी रुपयाही तेवढाच घसरतो, चूक कुणाचीही असो.

तोंडी हिशेबाची एक सोपी युक्ती आहे. नेपाळी किमतीचे निम्मे करावे आणि त्या निम्म्यात त्याचाच चतकोर मिळवावा. ८०० एनसीचे निम्मे ४००, त्याचा चतकोर १००, म्हणजे आपले ५०० रुपये. उलट जायचे तर मूळ रकमेत तिचे निम्मे आणि दहावा हिस्सा मिळवावा : ३०० चे ३०० अधिक १५० अधिक ३०, म्हणजे ४८०. नेपाळी नोटांवरचे आकडे आणि अक्षरे देवनागरीत असतात, त्यामुळे आपल्याला वाचायला अडचण नाही. पूर्वी त्यांवर राजाचे चित्र असे. राजेशाही गेल्यावर तिथे एव्हरेस्ट आला. मागच्या बाजूला शंभरावर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती.

आता कोणत्या नोटा न्याव्यात? शंभराची आणि त्याखालची भारतीय नोट तराईत आणि काठमांडूत बहुतेक दुकानदार सहज घेतात. मोठ्या नोटांचा इतिहास मात्र कडू आहे. खोट्या नोटांच्या भीतीने आपल्या पाचशे-हजारांना नेपाळात बरीच वर्षे बंदी होती. २०१५ मध्ये माणशी २५,००० रुपयांपर्यंत मोकळीक मिळाली. लोकांनी विश्वासाने नोटा बाळगल्या, आणि पुढच्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री भारताने त्या नोटा रद्द केल्या. आपण बँकेपुढे रांगा लावल्या. नेपाळातल्या माणसाला लावायला रांगच नव्हती. पंजाबात शेतमजुरी किंवा मुंबईत पहारेकऱ्याचे काम करून आलेल्याने मुलीच्या लग्नासाठी ट्रंकेत ठेवलेली पाचशेची चळत असेल, तर ती तशीच राहिली. नेपाळ राष्ट्र बँकेने त्या बदलून मिळाव्यात म्हणून भारताकडे वारंवार मागणी केली, पण बदली झाली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरावरच्या साऱ्या भारतीय नोटा वापरण्यास बंदी केली, तेव्हा आपल्याकडे काहींना राग आला. मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. हात पोळलेला माणूस शेजाऱ्याची शंभराचीच नोट घेईन म्हणतो, त्यात वावगे काय? २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नियमांत दुरुस्ती करून मोठ्या नोटाही २५,००० रुपयांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. पण सरहद्दीवरचा नियम एका सरकारचा नसतो, दोघांचा असतो. निघण्यापूर्वी दोन्हीकडचा चालू नियम विचारून घ्यावा, आणि विचारायला सवड नसेल तर शंभराच्या नोटांची पुडकी करावीत. ती जाड होतात, एवढाच त्रास.

परदेशी चाललो म्हणून बँकेत डॉलर मागायला जाणारे पुष्कळ असतात. नेपाळ आणि भूतान या दोन देशांच्या प्रवासासाठी आपले नियम परकीय चलन देतच नाहीत. परदेश प्रवासासाठी डॉलर भरून मिळणारे कार्डही या दोन देशांत चालत नाही. आपले नेहमीचे बँकेचे कार्ड मात्र चालते, फक्त परदेशातील वापराची परवानगी बँकेकडून अगोदर चालू करून घ्यावी लागते. २०२० पासून नवी कार्डे मुळात देशापुरतीच चालू असतात. सीमेपलीकडे मोबाइलला रेंज नाही, संकेतांक येत नाही, आणि कार्ड खिशात निरुपयोगी पडले आहे, अशी फजिती व्हायची नसेल तर हे काम घरून निघतानाच करावे. नेपाळी एटीएममधून नेपाळी नोटा मिळतात. तेथील बँक दर खेपेला आकार घेते आणि आपली बँक परदेशी व्यवहाराची टक्केवारी वेगळी लावते. तेव्हा पाच वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत. रुपे कार्ड नेपाळात एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले, आणि मार्च २०२४ पासून आपल्या फोनवरून तेथील फोनपेची चौकट टिपून दुकानदाराला पैसे देता येतात. शहरात याची मोठी सोय आहे. मुक्तिनाथाच्या वाटेवर मात्र वीज, हवामान आणि रेंज तिन्हींवर भरवसा ठेवण्यापेक्षा कमरेला नेपाळी रोकड असलेली बरी.

भूतानची गोष्ट सोपी. तेथील ङुल्त्रुम १९७४ मध्ये सुरू झाला आणि तो आपल्या रुपयाबरोबर एकास एक आहे, म्हणजे गुणाकार-भागाकाराची कटकटच नाही. रुपे कार्ड तेथे २०१९ मध्ये आले. फोनवरची आपली यूपीआयची पद्धत २०२१ मध्ये घेणारा तो पहिला परदेश.

परतताना उरलेल्या नेपाळी नोटा सोनौली-रक्सौलकडच्या सरहद्दीवरच बदलून घ्याव्यात. तिथे टेबल मांडून बसलेला माणूस दोन-चार रुपये कापून त्या घेतो, पण बेळगावात त्या कुणी घेणार नाही. नाणी तोही घेत नाही. ती चहावाल्याला द्यावीत, किंवा घरातल्या मुलांसाठी राखावीत.