टाळूचं कलम, हिरडीला

आधी एक काम करा. जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागं लावा. खरखरीत वळ्या लागल्या? आता जीभ दाढांच्या रोखानं बाजूला सरकवा. तिथं टाळू गुळगुळीत आणि घट्ट लागते. ती जागा ध्यानात ठेवा, आपल्याला तिथं परत यायचंय.

कोल्हापुरात ‘पाटाकडील तालीम’ म्हटलं की पोरांना कुस्तीआधी फुटबॉल आठवतो. आणि फुटबॉल म्हटलं की कधीतरी कुणाचं तरी कोपर तोंडावर बसणारच. आमच्या मामाचा वरचा पुढचा दात असाच गेला.

तुमचा दुधाचा दात पडला, तर त्याच्यामागं दुसरा नंबर लावून उभा असतो. मामाच्या दातामागं कुणीच नव्हतं. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही, मग ते झिजतं. वर्षभरात त्याची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. हाड खचलं की त्यावरची हिरडीही खचते, पावसाळ्यात भराव खचला की रस्ता बसतो तशी. अशा जागी नवा दात बसवला तर तो शेजाऱ्यांपेक्षा लांबुडका दिसतो. दोन दातांमधलं हिरडीचं गुलाबी टोक नाहीसं होतं आणि तिथं काळा त्रिकोण उरतो. मामा फोटोत ओठ मिटूनच हसायला लागला.

मग डॉक्टरांनी हिरडीला कलम करायचं ठरवलं. होय, आंब्याला करतात तसंच! भूल देऊन टाळूला चीर दिली. कुठं? मघाशी तुमची जीभ पोचली होती ना, तिथं. वरची साल झाकणासारखी उचलली, आतली जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढली आणि झाकण परत लावून टाके घातले. खचलेल्या हिरडीत एक खिसा केला आणि पट्टी त्यात सरकवली.

वरची साल का नाही घेतली? टाळूची साल फिकट असते आणि दुसरीकडं नेऊन लावली तरी फिकटच राहते. गावठी खुंटावर हापूस बांधला तरी फळ हापूसचंच येतं, तसं. गुलाबी हिरडीवर फिकट तुकडा म्हणजे शाळेच्या पँटला ठिगळ!

तोडलेली पट्टी जगते कशी, हे मला सगळ्यांत भारी वाटतं. पहिले दोन-तीन दिवस ती आजूबाजूनं पाझरणाऱ्या द्रवावर तगून राहते. मग खिशातल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि ती तिथलीच होऊन जाते. तोवर तिला जराही हलू द्यायचं नाही, ओठ ओढून आरशात बघायचं नाही. मामानं तितके दिवस तांबडा रस्साही सोडला. कोल्हापुरात ही शस्त्रक्रियेपेक्षा मोठी गोष्ट.

इथलं काढून तिथं लावायचं हे कसब आपल्याकडं जुनं आहे. कवासजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्या मापानं कातडी कापली. ही हकिगत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये अशाच पद्धतीनं एकाचं नाक केलं.

मामाचा दात त्या दिवशी कुणीतरी रुमालात गुंडाळून ठेवला होता. तो वाळून गेला. तुम्ही तसं करू नका. कुणाचा कायमचा दात मुळासकट उडाला, तर तो पांढऱ्या बाजूनं धरा. मुळाला हात नको, घासणं तर नकोच. गार दुधात टाका आणि तासाच्या आत, जमलं तर अर्ध्या तासातच, दातांच्या डॉक्टरांकडं पळा. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात कपभर दूध मिळायला कितीसा वेळ लागणार?